तेच ते खेळणाऱ्या लेकरासोबत कसं खेळायचं

उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक फिरवत बसणं. तुरीचे दाणे उंबरठ्यापासून चुलीपर्यंत एका ओळीत मांडणं, आणि एक दाणा सरकला की सगळी ओळ मोडून पुन्हा सुरुवात करणं. गंजावरचं झाकण फरशीवर गरगर फिरवायचं, ते थांबेस्तोवर कान लावून ऐकायचं, थांबलं की परत फिरवायचं. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी असे खेळ रोज दिसतात. विशेष शिक्षिका म्हणून यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या गावांत मी अशा घरी जाते, तेव्हा चहाच्या आधी प्रश्न येतो, "मॅडम, हे बंद कसं करायचं?"

यातले बहुतेक खेळ बंद करायचे नसतात. काही मात्र आजच्या आज बंद करावे लागतात, आणि नेमके तेच घरात कुणाला धोक्याचे वाटत नाहीत. बाकीच्या खेळांत आपण शिरायचं असतं. लेकराला जी गोष्ट मनापासून आवडते, तिथंच त्याच्याशी ओळख होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. ती गोष्ट हिसकावून मग "हा माझ्याकडे पाहातच नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

दीड-दोन वर्षांचं कुठलंही लेकरू तेच ते करतं, हेही लक्षात ठेवा. डब्यात चमचा टाकणं, काढणं, परत टाकणं. साध्या वाढीत हे हळूहळू मागे पडतं आणि चमचा कधी गाडी होतो, कधी बाहुलीला भरवायला लागतो. स्वमग्न मुलात ते टिकून राहतं, जास्त वेळ खातं, आणि मोडलं तर मोठा आकांत होतो. सोबत नावानं हाक मारल्यावर न वळणं, बोटानं वस्तू न दाखवणं, बोलणं उशिरा येणं किंवा आलेलं बोलणं जाणं असेल तर तपासणी हवीच. नुसतं ओळी मांडतं म्हणून ऑटिझम, असं कुणी ठरवू नये.

पहिली पायरी : आठवडाभर काही करू नका, फक्त लिहा

शाळेची जुनी वही घ्या. खेळ कोणता, किती वाजता, त्याआधी घरात काय चाललं होतं, किती वेळ चालला, कुणी अडवलं तर काय झालं, एवढंच लिहायचं. लिहिता येत नसेल तर शेजारच्या पोरीला सांगून लिहून घ्या, किंवा मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा.

वहीतली नोंद अशी दिसते : "संध्याकाळी 6. मावशीकडचे पाहुणे आले. बाहेर ट्रॅक्टर सुरू. झाकणं ओळीत लावली. अर्धा तास. दादानं एक झाकण उचललं, डोकं भिंतीवर आपटलं. झाकण परत ठेवलं, गप्प झाला." दुसऱ्या दिवशीची : "दुपारी 2. घरी मी एकटीच. झाकणं काढली, पाच मिनिटांत सोडून अंगणात गेला."

या दोन नोंदी शेजारी ठेवा. झाकणं तीच, लेकरू तेच. घर शांत होतं तेव्हा खेळ पाच मिनिटांत संपला, गर्दी आणि ट्रॅक्टर आला तेव्हा अर्धा तास चालला. म्हणजे त्या संध्याकाळी झाकणं काढून घेण्यापेक्षा लेकराला मागच्या खोलीत नेणं जास्त उपयोगाचं होतं. सात-आठ दिवसांच्या नोंदी झाल्या की असं काहीतरी बहुतेक घरांत सापडतंच.

दुसरी पायरी : त्याला यातून काय मिळतं ते शोधा

कधी ती शरीराची मागणी असते. फिरतं चाक डोळ्यांना हवं असतं, झाकणाचा थरथरता आवाज कानाला हवा असतो, पोत्यातल्या सरकीत हात खुपसणं कातडीला हवं असतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 2013 साली ऑटिझमच्या निदानाचे निकष नव्यानं मांडले, त्यांत आवाज, स्पर्श, प्रकाश, वास यांची जास्तीची ओढ किंवा त्रास हाही धरला आहे. असा खेळ चालू असताना चेहरा सैल असतो, लेकरू हसतं, गुणगुणतं.

कधी तो घाबरल्यावरचा आधार असतो. तेव्हा चेहरा ताणलेला, हात घाईत, आणि वेळ बहुतेक गडबडीची : पाहुणे, लग्नाचा डीजे, वीज जाणं, शाळेची सुट्टी लागणं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अमेरिकेतल्या 11 मुलांचं वर्णन केलं, तेव्हाच सगळं जसंच्या तसं राहावं हा या मुलांचा हट्ट त्यांनी टिपला होता. आजूबाजूचं काहीच कळेनासं झालं की जे नक्की कळतं ते लेकरू धरून ठेवतं.

कधी कारण फार साधं असतं, त्याला दुसरं काही खेळताच येत नाही. गाडी दिली, पण तिचं करायचं काय हे कुणी दाखवलं नाही, म्हणून चाक फिरवलं. याची परीक्षा सोपी आहे. त्याला जमणारं दुसरं काही समोर ठेवा, डब्यात खडे टाकणं, कणकेचा गोळा थापणं. सहज इकडे वळलं तर नवं शिकवायला वाव आहे.

आणि कधी दुखतं. दात किडलाय, कान फुटलाय, चार दिवस शौचाला झालेलं नाही, आणि लेकराला सांगता येत नाही. नेहमीचा खेळ एकाएकी वाढला, किंवा कान, गाल, डोकं मारून घेणं नव्यानं सुरू झालं, तर खेळाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरला दाखवा. घरी ही शंका सगळ्यात शेवटी येते. ती सगळ्यात आधी यायला हवी.

तिसरी पायरी : धोक्याचे खेळ वेगळे काढा

इथं मी कडक आहे.

पेरणीच्या दिवसांत घरात बियाणं येतं, कपाशीचं, सोयाबीनचं, रंग दिलेलं. तो रंग दिसायला गोड आणि ओळ मांडायला छान, पण त्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. तसंच फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि त्यांची झाकणं. धुऊन दिली तरी ती खेळणी होत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते मोठी माणसं होती. लेकरू तर झाकण चाटतं, हात तोंडात घालतं. बाटल्या, बियाणं, पंप कुलपाच्या आतच हवेत, कोठ्याच्या फळीवर नाही. फळीवर चढण्यात ही पोरं तरबेज असतात.

दुसरं, पाणी. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची फार ओढ असते आणि धोक्याची जाण कमी. कठडा नसलेली विहीर आपल्याकडे अजून जागोजाग आहे, आणि आता शेततळीही झाली. शेततळ्याचं प्लॅस्टिकचं अस्तर इतकं निसरडं की पडलेल्या मोठ्या माणसालाही काठ धरता येत नाही. वावरात लेकरू सोबत न्यायचं तर एका माणसाचं काम फक्त त्याच्यावर लक्ष ठेवणं. घराच्या फाटकाला वरच्या बाजूला कडी लावा. गावातल्या चार जणांना, दुकानदाराला, पाणी सोडणाऱ्याला सांगून ठेवा की हा एकटा दिसला तर थांबवा आणि फोन करा.

तिसरं, कूलर. एप्रिल-मेमध्ये पत्र्याचा कूलर, खाली सांडलेलं पाणी, आणि लेकरू जाळीत बोट घालून पात्याकडे पाहातंय. कूलर खिडकीबाहेर बसवा, अर्थिंग तपासून घ्या, प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका. फिरणं पाहायचं असेल तर कागदाची भिंगरी करून द्या, ती हवेच्या झोतात लावून ठेवा, दूर.

चौथं, गिळण्याच्या वस्तू. रिमोट, घड्याळ, आवाजाच्या खेळण्यांतला नाण्यासारखा चपटा सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतसुद्धा गंभीर भाजू शकते. वाट पाहायची नाही, उलटी करवायची नाही, थेट मोठा दवाखाना गाठायचा. माती, खडू, कागद खाणारं लेकरू असेल तर रक्त तपासून घ्या, अंगात लोह कमी असू शकतं.

नुसतं बंद करून मात्र चालत नाही. शरीराला जे हवं होतं ते दुसऱ्या वाटेनं द्यावं लागतं. पाणी ओतायला आवडतं तर घमेल्यात चार तांबे पाणी आणि बाजूला आई. पाण्याची टंचाई असेल तर वाळू किंवा ज्वारी, मापानं ओतायला. सगळं तोंडात जात असेल तर जाड, स्वच्छ कापडाची गाठ, किंवा जेवणात गाजर, ज्वारीची कडक भाकर, असं चावायला भरपूर काही.

चौथी पायरी : शेजारी बसा

ही पायरी ऐकायला सोपी आणि करायला सगळ्यात अवघड आहे, कारण यात काही शिकवायचं नसतं.

रोज दहा मिनिटं. लेकरू जेवलेलं असावं, घर त्यातल्या त्यात शांत असावं. त्याच्या समोर बसू नका, बाजूला बसा, हातभर अंतर ठेवून. त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. आपली वेगळी घ्यायची. तो झाकणं मांडतोय, तुम्हीही तुमची झाकणं मांडा. तो फिरवतोय, तुम्ही फिरवा. तो थांबला की थांबा. तोंडानं "ग्र्र्र" करत असेल तर तुम्हीही हळूच करा.

आणि प्रश्न विचारू नका. "हे काय आहे? याचा कलर कोणता? किती झाले?" आपल्याकडे लेकराशी बोलायचं म्हणजे त्याची परीक्षा घ्यायची, अशीच रीत पडली आहे. आलेला पाहुणाही कविता म्हणून दाखव म्हणतो. दहा मिनिटं ही परीक्षा बंद. बोलायचंच तर जे घडतंय ते एका शब्दात म्हणा, "फिरलं." "पडलं." "अजून."

पहिले काही दिवस तो पाठ फिरवेल, उठून जाईल, तुमचं झाकण ढकलेल. जाऊ द्या. मग कधीतरी तो स्वतःचं थांबवून तुमच्या हाताकडे पाहतो. तुम्ही फिरवलेलं झाकण पडलं की तुमच्याकडे वळतो, पुन्हा फिरवता का ते बघायला. ती नजर अर्ध्या सेकंदाची असते आणि मोबाईल हातात असेल तर हुकते. पुढचं सगळं त्या नजरेवर उभं आहे. ती आली म्हणून लगेच टाळ्या पिटू नका, पुन्हा फिरवा, एवढंच.

बापानंही बसावं. हे आईचं काम अशी वाटणी झालेली असते, पण अनेक घरांत बापच कमी बोलतो, कमी प्रश्न विचारतो, आणि त्यामुळे त्याच्याजवळ लेकरू लवकर टिकतं.

पाचवी पायरी : एकच बदल, तोही छोटा

शेजारी बसणं जमलं, लेकरू तुमच्याकडे पाहू लागलं, की खेळ थोडा रुंद करायचा. नऊ गोष्टी तशाच ठेवायच्या, दहावी बदलायची.

झाकणांचंच घ्या. आता झाकणांची पिशवी तुमच्याकडे ठेवा आणि एकेक द्या. पुढचं देण्याआधी हात वर धरून पाचपर्यंत मनात मोजा. तो हात ओढेल, आवाज काढेल किंवा पाहील. यातलं काहीही मागणंच आहे. तुम्ही "दे" म्हणा आणि लगेच द्या. बोलल्याशिवाय देणार नाही, असा अडून बसण्याचा हट्ट नको. अजून बोलता न येणाऱ्या लेकराकडून ती जबरदस्ती होते आणि खेळच नासतो. हे रुळलं की एक झाकण उलटं ठेवून पाहा. त्यानं सरळ केलं आणि तुमच्याकडे पाहून हसला, तर नवा खेळ सापडला. रडला तर तुम्हीच सरळ करा, "सरळ" म्हणा, आणि चार दिवस थांबून रंग बदलण्यासारखं आणखी लहान काही करून पाहा.

चाकांच्या वेडाला तान्हा पोळा कामी येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली सगळी पोरं लाकडी नंदी ओढत निघतात आणि आपलं पोरगं नंदी आडवा करून त्याची चाकं फिरवत बसतं. बापाचा जीव तिथं तुटतो. पण तो नंदी पोळ्याच्या महिनाभर आधी घरात आणा. चाक तुम्ही धरा : "थांब..." आणि मग "चल!" सोडून द्या. दहा वेळा झालं की "थांब" म्हणा आणि गप्प बसा. "चल" त्याच्याकडून येऊ द्या, शब्दानं येवो किंवा हाताच्या झटक्यानं. मग नंदी सरळ करून वीतभर ओढा, परत चाकावर या. मग दोन वीत. पोळ्याच्या दिवशी तो ओढत चौकापर्यंत गेला तर उत्तम, अंगणातल्या अंगणात ओढला तरी चालेल. नाही ओढला तरी पोळा साजरा झाला.

दाण्यांच्या ओळीला रस्ता समजून त्यावरून खेळण्यातली बंडी चालवता येते, ओळीच्या टोकाशी वाटी ठेवून दाणे आत टाकता येतात. रोज नवी कल्पना शोधू नका. एक धरून महिना काढा.

खेळ संपवायचा कसा

हिसकावणं हा सगळ्यात महाग मार्ग. त्यानंतर लेकरू खेळाला आणखी घट्ट धरतं.

घरी पाटी असते. डाव्या बाजूला खडूनं ताट काढा, उजव्या बाजूला चाक. "आधी जेवण, मग चाक." चित्र वाकडं आलं तरी चालतं, रोज तेच हवं. जेवण झालं की ताट पुसा आणि चाक खरोखर द्या. "उद्या देईन बरं" अशी थाप एकदा मारली की पाटीची किंमत गेली. संपवताना पाच ते एक असं उलटं मोजा, सावकाश, आणि वस्तू त्याच्याच हातानं एका ठरलेल्या डब्यात ठेववून झाकण लावा. वस्तू दिसेनाशी झाली की सुटणं सोपं जातं.

तरीही आकांत झालाच तर बोलणं कमी करा, बाकीच्यांना बाहेर पाठवा, डोक्याखाली गोधडी सरकवा. मारू नका. ओरडत असतानाच वस्तू हातात दिली तर ओरडणं हीच मागायची रीत होऊन बसते, म्हणून शांत झाल्यावर, "दे"ची खूण करवून द्या. गर्दीनं किंवा आवाजानं बिथरलं असेल तर मात्र आधी तिथून बाहेर काढा. तेव्हा कसला धडा शिकवायला जाऊ नका.

आणि दिवसातला काही वेळ त्याचा खेळ त्याच्यापुरता राहू द्या. शाळेतून आल्यावरचा अर्धा तास, कुणी शेजारी बसायचं नाही, काही रुंद करायचं नाही. कापूस वेचून आल्यावर तुम्हाला जशी जरा पाठ टेकावी वाटते, तसं त्यालाही वाटतं.

मोबाईल

तेच गाणं, त्यातलेही तेच दहा सेकंद, मागे-पुढे, मागे-पुढे. कामाच्या दिवसांत मोबाईल देऊन लेकरू एका जागी बसतं, हे मला कळतं. पण यात शेजारी बसायला जागाच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला तासाभराची कमाल मर्यादा सांगितली आहे. एकदम तोडू नका. वेळ ठरवा, पाटीवर काढा, आणि जेवताना देणं आधी बंद करा.

घर आणि गाव

आजी म्हणते, "आमच्या काळी असं काही नव्हतं बापा. काहून करते हे पोट्टं असं?" वाद घालू नका. "आई, त्याले ते करून बरं वाटते, थोडा वेळ खेळू द्या," एवढं पुरतं. आजीला काम द्या. ती तुरीच्या शेंगा सोलते तेव्हा लेकराला बाजूला बसवून टरफलं एका टोपल्यात, दाणे दुसऱ्यात टाकू द्या. आजीचं काम तेच तेच असतं आणि ती सावकाश करते, त्यामुळे तिच्याजवळ ही मुलं रमतात.

दृष्ट काढायची तर काढा, मीठ-मोहरीनं कुणाचं नुकसान होत नाही. पण चटके, धुरी, उपास, बांधून ठेवणं यांतलं काही कुणी सुचवलं तर तिथून लेकराला उचलून निघा. असल्या अघोरी उपायांवर महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे. हे खेळ घालवणारं औषधही नसतं. फार चिडचिड, स्वतःला इजा, झोपच नसणं यांसाठी डॉक्टर कधी औषध देतात, ती वेगळी गोष्ट.

अंगणवाडीताईंना आणि गुरुजींना वही दाखवा. कुठला खेळ त्याला शांत करतो हे त्यांना माहीत असलं तर ते प्रार्थनेच्या गोंगाटात त्याला वऱ्हांड्याच्या टोकाशी उभं करू शकतात.

तपासणी आणि कागदपत्रं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. पथक पुढं जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्राकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासून उपचार करणाऱ्या केंद्राकडे पाठवतं. थेट गेलात तरी चालतं. नागपूरचं एम्स किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं रुग्णालय, हेही पर्याय आहेत. लेकरू खेळता खेळता काही सेकंद एकटक थिजत असेल, हाक मारून, हात लावूनही भानावर येत नसेल, तर ते आकडीचं लक्षण असू शकतं. त्याचा व्हिडिओ काढा आणि लवकर दाखवा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली की यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र मिळतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. तुमचाच जीव थकला असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

केंद्रावर लेकरू घरच्यासारखं खेळेलच असं नाही, म्हणून वही आणि दोन-तीन व्हिडिओ सोबत न्या. रांग मोठी असते, त्याची आवडती वस्तू पिशवीत असू द्या. आधार, जन्मदाखला, फोटो, रेशन कार्ड, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स गावातूनच काढून घ्या.